पांदणीच्या मापाचं चाक

“चाक जरा बाहेर काढून द्या,” असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला आता राग येत नाही. नुसता थकवा येतो. पूर्वी मी वाद घालायचो, खडूने फरशीवर चित्रं काढून दाखवायचो, चहा पाजून समजूत घालायचो. आता मी आधी स्टूल ओढून बसतो आणि विचारतो, “काऊन काढाचं हाये बाहेर?” बहुतेकांचं उत्तर एकच असतं. गाडी रुबाबदार दिसते म्हणून.

मूल गावात, राइस मिलच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. टायर, रिम, बॅलन्सिंग, पंक्चर. या कामात उमेदीची सगळी वर्षं गेली. गुडघे गेले, आणि उजव्या कानाला हवेच्या पंपाच्या आवाजाने कमी ऐकू येतं. मुलगी नागपूरच्या दवाखान्यात नर्स आहे. ती दर रविवारी फोनवर म्हणते, “बाबा, पुरे झालं आता, इकडं या.” तिला काय सांगायचं ते मला बरेच दिवस कळत नव्हतं. या लेखाचं निमित्त झालं आणि थोडंफार कळलं.

बाहेरच्या माणसाला चाक म्हणजे गोल वस्तू. कोणाचंही कोणालाही चालेल असं त्याला वाटतं. पायताणसुद्धा दुसऱ्याचं चालत नाही, तर चाक कसं चालेल? गाडीला चाक बसवायचं तर चार गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, रिमची उंची आणि रुंदी. ही टायरवरच लिहिलेली असते, ती सगळ्यांना कळते. दुसरी, नटांची भोकं. भोकं किती आहेत ते मोजून भागत नाही. ती सगळी ज्या वर्तुळावर बसतात त्या वर्तुळाचं माप लागतं, त्याला आम्ही पीसीडी म्हणतो. चार भोकं असली तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप धरला की झालं. पाच असली की समोर भोकच नसतं, तिथे थोडं गणित करावं लागतं आणि तिथेच लोक फसतात.

सावली गावाकडचा एक नवरदेव असाच फसला होता. लग्नाच्या आधी त्याने मोबाइलवरून चमचमती मॅगव्हील मागवली. त्याच्या गाडीला पाच भोकं, मॅगव्हीलला पाच भोकं, त्यामुळे तो खूश. चाक टेकवलं तर दोन स्टड, म्हणजे ज्यांवर नट आवळतात ते बोल्ट, आत जात होते आणि बाकीचे भोकाच्या कडेला अडत होते. फरक करंगळीच्या नखापेक्षाही कमी होता. “थोडं ठोकून पाहा ना भाऊ,” तो म्हणाला. मी म्हटलं, ठोकून बसवलेलं चाक वरातीतून एकटंच पुढे निघून जाईल. तो हसला नाही. लग्नाची गाडी शेवटी जुन्याच चाकांवर गेली, आणि फुलांच्या माळांत चाकाकडे कोणी पाहिलं नाही हे त्यानेच नंतर येऊन सांगितलं.

तिसरी गोष्ट, मधलं मोठं भोक. चाक ज्यावर बसतं त्या हबचा गोल भाग त्यात घट्ट बसावा लागतो. सिरोंच्याकडचे एक मिरचीचे व्यापारी होते, निम्मं तेलुगू आणि निम्मं हिंदी बोलायचे. हैदराबादहून त्यांनी सेकंडहँड रिम आणल्या होत्या. गाडी गावात ठीक चालायची, पण मोठ्या रस्त्यावर वेग घेतला की स्टिअरिंग थरथरायचं. त्यांनी आधी रस्त्याला दोष दिला, मग टायरला, मग ड्रायव्हर बदलला. माझ्याकडे आले तोवर नवा ड्रायव्हरही रडकुंडीला आला होता. रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं होतं, म्हणून चाक मधोमध बसतच नव्हतं, नटांवर लोंबकळत होतं. लेथवाल्याकडून कडी कापून घेतली, मधल्या फटीत बसवली, आणि थरथर थांबली. जुन्या ड्रायव्हरला त्यांनी परत बोलावलं की नाही ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं अजून वाटतं.

चौथी गोष्ट ऑफसेट. सगळी भांडणं इथली. चाकाच्या रुंदीचा मधोमध घ्या, आणि चाक जिथे हबला टेकतं ती जागा घ्या. या दोहोंतलं अंतर म्हणजे ऑफसेट. टेकण्याची जागा मध्यापेक्षा बाहेरच्या अंगाला असली तर चाक गाडीच्या आत जातं. आतल्या अंगाला असली तर चाक बाहेर येतं. कंपनीने ते अंतर ठरवलं त्याला कारण असतं. भरलेली बादली अंगाजवळ धरून चालता येतं, हात लांब करून धरली की खांदा भरून येतो. चाक बाहेर काढलं की गाडीच्या बेअरिंगचं आणि स्टडचं तेच होतं. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की झोपेत विचारलं तरी सांगेन.

आता दलसूबद्दल. तो चाक बाहेर काढायला आला होता, पण रुबाबासाठी नाही.

दलसूचं गाव गडचिरोलीच्या बाजूला जंगलात आहे, डांबरी रस्त्यापासून बरंच आत. त्याची जुनी जीप गाव ते डांबरी अशी फेरी करते. बाजाराची माणसं, धानरोवणीच्या बाया, शाळेची पोरं, तांदळाची पोती, सगळं तीच वाहते. मागच्या वर्षी उन्हाळा संपत आला असताना तो दुकानात आला. जीपची मागची दोन्ही चाकं बॉडीच्या बाहेर विचित्र आली होती. चाक काढलं तर हब आणि चाक यांच्या मधे लोखंडाची जाड चकती निघाली. कुठल्याशा वर्कशॉपात त्याने ती बनवून घेतली होती. एक स्टड तुटला होता आणि दुसऱ्याला चीर गेली होती. टायरची बाहेरची कड धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, घासून सोलवटली होती.

मी चिडलो. माणसं बसवतोस ना यात, म्हटलं. मग त्याने कारण सांगितलं, आणि मी स्टूल ओढलं.

त्यांच्या गावाची वाट म्हणजे पांदण. दोन्ही बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची वावरं, मधे बैलगाडीपुरती माती. गावात एकच ट्रॅक्टर, तोही चाकं रुंद लावलेला. पावसात रोवणीआधीच्या चिखलणीसाठी तो त्याच पांदणीतून ये-जा करतो आणि त्याच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडतात. जीपच्या चाकांतलं अंतर त्यापेक्षा कमी. त्यामुळे जीपचं एक चाक चाकोरीत आणि दुसरं मधल्या उंचवट्यावर. जीप तिरकी होते, एक्सलच्या मधला गोळा खाली मातीवर टेकतो, आणि चाकं हवेत फिरत राहतात. दलसूने ठरवलं, जीपची चाकंच इतकी बाहेर काढायची की दोन्ही चाकोरीत पडतील.

हिशेब चुकीचा म्हणता येत नव्हता. उन्हाळ्यात वाळलेल्या चाकोरीत त्याने टेप धरून माप घेतलं होतं. जीपच्या हबला ते मानवणार नव्हतं, एवढंच.

मी त्याला सांगितलं, मी हे करणार नाही आणि तूही दुसरीकडून करून घेऊ नकोस. चाक निखळलं तर बायामाणसं बांधीत जातील. त्याने ऐकून घेतलं, पण तो हलला नाही. शेवटी म्हणाला, “मले समजते भाऊ. पन पोरगी पहिल्या बाळंतपणाले घरी आली हाये. पोळ्याच्या आसपास दिवस भरतेत. दवाखान्याची सरकारी गाडी डांबरीवरच थांबते. जीप फसली तं मी तिले कसा नेऊ?”

मी चकत्या काढल्या, नवे स्टड बसवले, चाकं पूर्वीसारखी आत घेतली. मग त्याला विचारलं, ट्रॅक्टर कोणाचा आहे?

ट्रॅक्टर त्याच्या साळ्याचा, म्हणजे बायकोच्या भावाचा होता, मनिरामचा. त्यांच्यात मुलगी मामाच्या घरी द्यायची रीत आहे. दलसूची हीच मुलगी, सुनीता, मनिरामच्या मुलाला जायची असं ती लहान असल्यापासून धरलेलं होतं. सुनीता शिकली, आणि तिने दुसरीकडचा मुलगा पसंत केला. दलसूने तिला अडवलं नाही. तेव्हापासून मनिराम बहिणीच्या घरी पाणी प्यायलेला नव्हता. जीपमध्ये तर बसतच नव्हता, बाजाराला पायी डांबरीवर जायचा.

मी विचारायचं कारण वेगळं होतं. कारच्या चाकाचं अंतर कंपनीने कायमचं बांधून दिलेलं असतं, पण ट्रॅक्टरचं तसं नाही. त्याची मागची चाकं आत-बाहेर करता यावीत म्हणूनच बनवलेली असतात. मधली डिस्क उलटी करून बसवली, डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे घेतलं, की दोन चाकांमधलं अंतर बरंच कमी होतं. पुढचा एक्सलही सरकवता येतो. जीपला ट्रॅक्टरच्या मापाची करण्यापेक्षा ट्रॅक्टरला जीपच्या मापाचा करणं सोपं होतं. लोखंडाच्या बाजूने सोपं, असं म्हणायला हवं.

दलसू म्हणाला, “तुमी सांगा. मी सांगतलं तं तो ट्रॅक्टर विकन, पन करनार नाई.”

मला जायचं नव्हतं. गुडघे, ऊन, आणि दुसऱ्याच्या घरचं भांडण. बायकोने डबा भरून दिला आणि म्हणाली, बाळंतिणीचं काम आहे, जाऊन या. जॅक, पाने आणि टेप जीपमध्ये टाकून मी दलसूबरोबर निघालो. वाटेत पांदणीत उतरून मीही माप घेतलं. दलसूचं माप बरोबर होतं.

त्या गावात कुठलीही गोष्ट ठरवायची तर सगळे एकत्र बसतात आणि सगळ्यांचं एक होईपर्यंत उठत नाहीत. हात वर करून मोजणं नाही. एक माणूस नाही म्हणाला तरी ठरत नाही, मग पुन्हा बोलणं सुरू. मोहाच्या झाडाखाली आम्ही बसलो. मी डिस्क कशी उलटते ते जमिनीवर काडीने काढून दाखवलं. मनिराम लांब, मुळाला टेकून बसला होता. अंगाने आडवा, बोलायला कमी.

त्याने एकच प्रश्न विचारला, आणि तो अगदी खरा प्रश्न होता. “चाक आतमंदी घेतलं अन् धुऱ्यावर ट्रॅक्टर पलटला तं?”

मी खोटं बोललो नाही. चाकं जवळ आली की ट्रॅक्टर लवकर कलंडतो. आडवा धुरा तिरकस चढायचा नाही, सरळ चढायचा, आणि हळू. तुझं काम लांबेल, म्हटलं. रोजच्या चिखलणीत दोन बांध्या कमी होतील. तो मान हलवून पुन्हा मुळाला टेकला. म्हणजे धोका त्याचा, कामाची खोटी त्याची आणि सोय दलसूची. त्याच्या जागी मी असतो तर मीही लगेच हो म्हटलं नसतं.

बोलणं फिरून फिरून तिथेच येत राहिलं. कोणी म्हणाला, जुनी चाकोरी मुरूम टाकून बुजवू. कोणी म्हणाला, बाळंतिणीला आधीच डांबरीवरच्या गावात नेऊन ठेवू. त्यावर दलसूच म्हणाला की तिथे आपलं कोणी नाही, आणि पावसात जंगलातून बाजारासाठी येणाऱ्या बाकीच्यांचं काय? सावली सरकली, माझा डबा तिथेच सगळ्यांत वाटून झाला. सुनीता घरातून पाणी घेऊन आली आणि सगळ्यांना देत गेली. मामापुढे तिने तांब्या धरला. त्याने घेतला नाही. तिने तो त्याच्या बाजूला जमिनीवर ठेवला आणि गेली. मला तेव्हा वाटलं, उगाच आलो.

मग मनिरामची आई बोलली. म्हणजे सुनीताची आजी. ती गोंडीत बोलली, थोडंच, मुलाकडे न बघता. दलसूने मला हळूच मराठीत सांगितलं. ती म्हणाली होती की जीप जावयाची आहे आणि ट्रॅक्टर लेकाचा आहे, पण ही पांदण आपल्या माणसांनी खांद्यावर माती वाहून घातली, तेव्हा दोघांपैकी कोणीच जन्मलं नव्हतं.

मनिरामने हो म्हटलं नाही. तो उठला, धोतर झटकलं, आणि घराकडे गेला. लोक बसूनच होते. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळाने ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. त्याने तो झाडाखाली, माझ्यासमोर आणून उभा केला आणि खाली उतरला. तेव्हा कुठे सगळे उठले.

ते काम मी आयुष्यात विसरणार नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात वजनासाठी पाणी भरलेलं असतं. आधी ते काढलं, तरी एकेक चाक उचलायला अर्धं गाव लागलं. डिस्कचे नट गंजून एक झालेले. मनिरामने स्वतः पान्याला पाइप लावून ते सोडवले, दलसू दुसऱ्या बाजूने चाक धरून होता. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. “जरा वर,” “थांब,” एवढंच, आणि तेही माझ्याकडे बघून. दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी फावडी घेतली आणि पांदणीतल्या जुन्या चाकोऱ्या मोडून काढल्या, म्हणजे नव्या पडतील त्या जीपच्या मापाच्या. मी बसने मूलला परत आलो आणि दोन दिवस अंथरुणावर पडून राहिलो.

मग पाऊस लागला. रोवणीच्या दिवसांत त्या गावाचा फोन लागत नाही. मी दुकानात बसून ढगांकडे बघायचो आणि चाकांपेक्षा मनिरामच्या धुऱ्यांचीच काळजी करायचो. ट्रॅक्टर पलटून माणूस दबल्याच्या बातम्या आमच्याकडे दर पावसाळ्यात येतात. तसं काही झालं असतं तर सांगितलेलं माप माझं होतं. या धंद्यात ही गोष्ट कोणी सांगत नाही. चाक दुकानातून निघून जातं, पण ते तुमच्या डोक्यात फिरत राहतं. रात्री जेवताना बायको म्हणायची, एवढा जीव का लावता? खरंच, या वयात तो लावून घ्यायची ताकद राहिलेली नाही.

पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी दलसूची जीप दुकानासमोर उभी राहिली. त्याने हाक मारायच्या आधी मी टायरकडे पाहिलं. चिखल आत-बाहेर सारखाच बसला होता. कड कुठेही सोललेली नव्हती. मी तिथेच पायरीवर बसलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सुनीताच्या पोटात दुखायला लागलं होतं. पाऊस तीन दिवसांपासून थांबला नव्हता. पांदणीत गुडघाभर पाणी, चाकोरी दिसतच नव्हती. दलसूने जीप काढली. गावाच्या तोंडाशी आला तर तिथे मनिराम ट्रॅक्टर सुरू करून, डोक्यावर पोतं घेऊन बसलेला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

दलसू सांगत होता आणि हाताने पुढे-मागे दाखवत होता. “तो पुढं, मी मागं. त्याचं चाक जिथून जाय, तिथंच माहं चाक जाय. पान्यात काही दिसत नोहतं, मी नुसता त्याच्या चाकाकडं पाहून राह्यलो होतो. डांबरी येवोस्तोवर त्यानं मागं वळून पाह्यलं नाई, भाऊ. एकडाव नाई.”

डांबरीवर सरकारी गाडी उभी होती. गडचिरोलीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून उशीर झाला असता तर दोघांपैकी एकच हाती लागलं असतं. मुलगी झाली. आई-लेक दोन्ही बऱ्या. हे ऐकून मला रडू आलं. दलसूसमोर ते लपवायची काही गरज वाटली नाही.

मी विचारलं, मनिराम बघायला आला का? दलसू म्हणाला, अजून नाही. ट्रॅक्टर डांबरीवरच वळवून तो परत चिखलणीला गेला होता.

त्या दिवाळीनंतर मी दुकान सोडायचं पक्कं केलं. जागेच्या मालकाला सांगूनही टाकलं, मुलीलाही कळवलं. पुरे झालं होतं, आणि चांगलं काम करून थांबावं असं वाटत होतं. बॅलन्सिंगच्या मशीनला गिऱ्हाईकही बघून ठेवलं.

धान निघाल्यावर राइस मिलसमोर ट्रॅक्टरांची रांग लागते. एके दुपारी त्या रांगेतून एक ट्रॅक्टर निघून माझ्या दारात आला. वर मनिराम. ट्रॉलीतल्या पोत्यांवर म्हातारी बसलेली, तिच्या मांडीवर कुंचीतलं बाळ, आणि शेजारी सुनीता. आजीला डोळे दाखवायचे होते आणि सुनीताला सासरी जायला बस धरायची होती, म्हणून तो त्यांना घेऊन आला होता, असं त्याने सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं. सुनीताने तांब्याभर पाणी मागितलं, आणि आधी त्याला दिलं. तो प्यायला.

मग तो चाकाजवळ आला आणि डिस्कवर हात ठेवून म्हणाला, आता कोरड्यात ट्रॉली ओढायची आहे, चाकं पूर्वीसारखी बाहेर करून द्या. मी म्हटलं, देतो. तो तिथेच घुटमळला.

“पाऊस लागाच्या आंधी परत आतमंदी घ्या लागन. हे सासरी चालली, पन गावात बाकीच्या बाया हायेत. मी इथीच आनतो. तुमी असान ना, भाऊ?”

मुलीला काय सांगायचं, मालकाला काय सांगायचं, गुडघ्यांचं काय करायचं, यातलं काहीच मला त्या घटकेला सुचलं नाही. म्हातारी ट्रॉलीवरून माझ्याकडे बघत होती.

असेन, म्हटलं, आणि जॅक आणायला आत गेलो.